बघ्याची भूमिका

पूर्वी माणसं आयुष्यात एकदा काशीला जात. आता केनियाला जातात. तसा दोन्हींत फारसा फरक नाही. दोन्हीकडे जायला आयुष्यभराची पुंजी लागते. दोन्हीकडे पंडे असतात. एका ठिकाणी त्यांना गाइड म्हणतात एवढंच. दोन्हीकडे नदीकाठी गर्दी लोटते आणि दोन्हीकडून परत आलेला माणूस पुढे सहा महिने दुसरं काही बोलत नाही. फरक असलाच तर तो असा, की काशीला जाणारा तिथे काहीतरी सोडून यायचा. एखादं फळ, एखादी भाजी. (आमच्या आजोबांनी कारलं सोडलं होतं. ते त्यांना आधीपासूनच आवडत नसे.) केनियाला जाणारा काहीच सोडून येत नाही. उलट आठशे फोटो घेऊन येतो. काशीयात्रा पार पडली की मावंदं घालायची पद्धत होती. त्यात निदान पुरणपोळी असे. आताचं मावंदं टीव्हीच्या पडद्यावर होतं आणि पानात बटाट्याचे वेफर्स असतात.

असं एक मावंदं मी गेल्या दिवाळीत जेवलो. यजमान आमचे साडू. पुण्यात राहतात, बँकेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले आहेत आणि जगातली एखादी गोष्ट बघायची राहिली की ती त्यांना थकबाकीसारखी वाटते. ते आणि माझी मेहुणी बारा दिवस केनियाला गेले, तेव्हा जाण्यापूर्वी घरचं कुत्रं आमच्याकडे बीडला आणून सोडलं. कुत्र्याचं नाव टायगर. हा टायगर फटाक्यांना, कुकरच्या शिट्टीला आणि आमच्या गल्लीतल्या एका मांजरीला घाबरतो. "तेवढं याच्याकडे बघा," असं सांगून साडू सिंह बघायला गेले. म्हणजे त्यांनी सिंहाकडे बघायचं होतं आणि आम्ही टायगरकडे. त्यांचं बघणं जीपमध्ये उभं राहून व्हायचं होतं. आमचं बघणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणं, दोन वेळा दूधपोळी घालणं आणि मांजर आली की मध्ये उभं राहणं. एकाच क्रियापदाची दोन साडवांत झालेली ही वाटणी मला तेव्हाच थोडी संशयास्पद वाटली होती.

तर फोटो. केनियात म्हणे पाच बडे प्राणी असतात: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. हे पंचायतन मुळात शिकाऱ्यांनी बसवलेलं आहे. पायी जाऊन मारायला सर्वांत अवघड आणि धोक्याची जनावरं ती ही पाच. शिकारी गेले, बंदुका गेल्या, पंचायतन राहिलं. आता त्यांच्यापुढे यादीत खुणा करायच्या असतात. सहलवाल्यांच्या छापील कागदावर पाच चौकोनच काढून दिले होते. साडूंनी पाचही चौकोनांत खुणा केल्या होत्या. म्हशीचे सव्वीस फोटो बघून आमची ही हळूच म्हणाली, "माणशी साडेतीन लाख... म्हशीसाठी?" बिबट्याचे सोळा फोटो होते. सगळ्यांत मिळून शेपूट एक.

मग ते जगप्रसिद्ध स्थलांतर आलं. विल्डबीस्ट नावाची ती जनावरं, बारा-तेरा लाखांचा कळप, पाऊस आणि गवत यांच्या मागे टांझानियातल्या सेरेंगेटीतून केनियातल्या मसाई माराकडे येतात आणि पुन्हा परत जातात. वाटेत मारा नदी. नदीत मगरी. साडूंच्या फोटोत नदी होती, जनावरं होती आणि जनावरांना जिथून वर चढायचं होतं नेमक्या त्याच जागी गाड्या होत्या. मी मोजल्या. एकोणीस. त्यांतून माणसं अर्धी बाहेर काढून उभी. "अहो, मग ती वर आली कुठून?" मी विचारलं. साडू म्हणाले, "ते नाही बघितलं. आमच्या जेवणाची वेळ झाली होती."

बीडला परतताना एस.टी.त मला राहून राहून 'बघणं' या शब्दाचंच कौतुक वाटत होतं. मराठीतलं हे मोठं अवघड क्रियापद आहे. आपण नाडी बघतो, वाट बघतो, मुलगी बघतो, अंत बघतो. पण त्याचा खरा जीव दुसरीकडेच आहे. "शेती कोण बघतं?" असं आपण विचारतो तेव्हा बांधावर उभं राहून शेताकडे टक लावून कोण बसतं, असं आपल्याला विचारायचं नसतं. नांगरणी, पेरणी, राखण, कर्ज हे सगळं कोण करतं, असं विचारायचं असतं. "म्हातारीकडे कोण बघतं?" याचाही अर्थ तोच. म्हणजे आपल्या भाषेनं बघणं आणि सांभाळणं ही दोन कामं एकाच माणसाच्या गळ्यात घातली आहेत. तिसरा एक प्रकार आहे: "बघू." हा सरकारी आहे. नकार देण्याची इतकी सुसंस्कृत पद्धत दुसऱ्या भाषेत असेल असं वाटत नाही.

आणि नुसतंच बघणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात? बघ्या. रस्त्यात अपघात झाला की बघे जमतात. कुठे दंगल झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतं, 'पोलिसांनी बघ्याची भूमिका घेतली.' म्हणजे जी भूमिका घेतली म्हणून फौजदारावर चौकशी बसते, तीच भूमिका मिळावी म्हणून आमचे साडू माणशी साडेतीन लाख मोजून आले होते!

विनोद सोडा, पण प्रश्न खरा आहे. नुसतं बघणं निर्दोष असतं का? आपण काही मारलं नाही, तोडलं नाही, खिशात घातलं नाही, फक्त बघितलं. मग आपण त्या सिंहाचं, त्या मोराचं काही देणं लागतो की नाही? आपल्या परंपरेत नुसत्या बघण्याला मोठा मान आहे, हे कबूल. मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी बसलेले आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. थोर थोर आचार्यांनी त्या दुसऱ्या पक्ष्याला साक्षी म्हटलं आहे. मी त्याला जगातला पहिला पक्षिनिरीक्षक म्हणतो. पण त्या पक्ष्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. तो त्याच झाडावर राहत होता. विमानानं आला नव्हता. आणि बघून झाल्यावर तो जेवायला गेल्याचा उल्लेख नाही.

डिसेंबरात एका लग्नासाठी साडू बीडला आले. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि पान लावता लावता त्यांनी तो प्रश्न विचारला, जो बाहेरगावचा माणूस बीडकराला विचारतोच: "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे हो?"

बीडकर या प्रश्नाला थोडा कचरतो. देव विचाराल तर रांग लावू: तळ्यातला कंकालेश्वर, परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी. विहीर विचाराल तर खजाना बावडी आहे. पण साडूंना जनावरं हवी होती. जनावरांच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचं नाव साऱ्या जगात एकदाच गाजलं, ते २०२१ च्या डिसेंबरात. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेतात, असा बोभाटा झाला. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा गावोगाव फिरताना वाढत गेला आणि परदेशी वर्तमानपत्रांनी त्याचं वानर विरुद्ध श्वान असं महायुद्धच करून टाकलं. शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली आणि तह झाला. वाघ म्हणाल तर तो शेजारच्या जिल्ह्यात आला. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत धाराशिवच्या येडशी अभयारण्यात उतरला. त्यानं सहलवाल्याकडे नाव नोंदवलं नव्हतं, गाइड घेतला नव्हता आणि वाटेतल्या बहुतेक गावांना तो येऊन गेल्याचा पत्ताही लागला नाही. आदर्श प्रवासी म्हणतात तो असा.

"पण आमचं स्वतःचं म्हणाल," मी म्हणालो, "तर नायगावचे मोर आहेत." पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. बालाघाटच्या डोंगररांगेतलं सुमारे तीस चौरस किलोमीटरचं रान. मोर म्हणताच साडूंचे डोळे चमकले. यादीत नसला तरी राष्ट्रीय पक्षी! १९६३ पासूनचा! दुसऱ्या दिवशी पहाटे ते तयार. डोक्यावर आफ्रिकेतली टोपी, अंगात अकरा खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण. आमच्या गल्लीतल्या पोरांना वाटलं, मोजणीवाले आले.

मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या रस्त्याला लागलो. ऐन थंडी, दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्येच हरभरा. आणि मोर दिसले. एक नाही, सात. पण साडूंच्या चेहऱ्यावर मात्र आनंदाऐवजी फसवणूक झालेल्या ग्राहकाचा भाव उमटला.

"हे मोर?"

"मोरच."

"मग पिसारा कुठाय?"

आता मोर पिसारा वर्षभर घालून बसत नाही. पावसाळा सरता सरता त्याची लांब पिसं झडायला लागतात आणि पुढच्या हंगामापर्यंत पुन्हा उगवतात. थंडीच्या दिवसांत मोर म्हणजे निळ्या मानेची, घाईत निघालेली एक मोठी कोंबडी. आपल्या सहलींचा हंगाम आणि मोराच्या सौंदर्याचा हंगाम यांची गाठ निसर्गानं घालून दिलेली नाही. साडू दुर्बीण उलटसुलट करून पाहत होते. जणू पिसारा भिंगातच अडकला आहे.

तेवढ्यात बांधावरून हाक आली, "काय पाव्हणं, कुणीकडं?"

साठी ओलांडलेले एक शेतकरी मामा, डोक्याला मफलर, हातात गोफण. मोर बघायला आलो म्हटल्यावर त्यांनी गोफण पाठीमागे घेतली नाही, हे मला आवडलं. "मोर व्हय?" ते म्हणाले. "बगा की. रोजच येतेत. पेरलं की उकरतेत, शेंग भरली की फोडतेत, घाटे धरले की टिपतेत. मी हाकलतो, ते पुन्ना येतेत. त्यांचं बी पोट हाय."

"पण पिसारा नाही," साडू तक्रारीच्या सुरात.

"झडला न्हाय का! आखाडात या. तवा असा फुलतो!" मामांनी दोन्ही हात पसरले. मग साडूंचा चेहरा बघून समजुतीनं म्हणाले, "पर त्यो काय आपल्यासाठी नाचतो व्हय साहेब? त्यो लांडोरीसाठी नाचतो. आपण आपलं मदीच."

मोर मारणं कसा गंभीर गुन्हा आहे हे साडूंनी लगेच समजावून सांगायला घेतलं. "बहात्तरचा कायदा आहे, मामा."

मामा थबकले. "बहात्तरचा? बहात्तरचा तर दुष्काळ हाय."

आमच्या जिल्ह्यात बहात्तर हा आकडा कुणी उच्चारला की वन्यजीव कायदा आठवत नाही. खडी फोडायची कामं, सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो आठवतो. "मी तवा धा-बारा वर्साचा," मामा सांगू लागले. "आमी मिलो खाल्ला. मोरांनी काय खाल्लं, त्यांनाच ठाव."

"तेव्हाही कुणी मोर मारले नसतील, नाही?" साडूंना एक सुंदर उत्तर हवं होतं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. "कुणी खाल्ला बी असंल. भुकेला कशाचा कायदा? पर सांगायला कुणी आलं न्हाय."

मग त्यांनी आम्हाला खोपीवर नेऊन चहा दिला. घरात ते, त्यांची मालकीण आणि एक सात-आठ वर्षांचा नातू. लेक आणि सून कुठे आहेत, हे बीड जिल्ह्यात डिसेंबर महिन्यात विचारायचं नसतं. ती कारखान्याला गेलेली असतात. साडूंनी विचारलं. "उसाला," मामा म्हणाले. "एक कोयता गेलाय आमचा." ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळी उरकली की बिऱ्हाड ट्रकवर किंवा ट्रॅक्टरवर चढवायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी लाखांच्या संख्येनं माणसं अशी जातात. ती पाऊस आणि गवत यांच्या मागे जात नाहीत. पाऊस आणि गवत नाही म्हणून जातात. त्यांच्या वाटेवर कुणी दुर्बीण लावून बसत नाही, आणि बसू नयेच. माणसं ही काही बघायची वस्तू नाही. पण मला वाटलं, त्यांच्याकडे न बघण्यातही आपण भलतेच तरबेज झालो आहोत.

साडूंनी विषय बदलावा म्हणून आफ्रिकेचा विषय काढला. हत्ती, सिंह, गेंडा, सगळं सांगितलं. मामांनी मन लावून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "मंग तितल्या लोकांची पिकं कोण खातं?"

"हत्ती," साडू म्हणाले.

"आन् भरपाई?"

बारा दिवसांत साडूंना ही शंका आली नव्हती. सहलीच्या छापील कागदावर तिच्यासाठी चौकोन नव्हता.

"बिबट्या मात्र नीट दिसला नाही," साडू म्हणाले. "दोन दिवस एका झाडाखाली थांबलो. फक्त शेपूट."

"बिबट्या व्हय?" मामांनी नातवाला हाक मारली. "आरं, पप्पानं धाडल्याला फोटो दाव की पाव्हण्यांना."

पोरानं आजोबांच्या फोनवर बोटं फिरवली आणि फोन साडूंच्या हातात दिला. उसाच्या फडात, पाचटावर, मांजराएवढी तीन पिल्लं. डोळे निळसर, अंगावर ठिपके. इतक्या जवळून घेतलेला फोटो साडूंच्या आठशेत एकही नव्हता.

"हे कुठल्या सफारीत?" साडूंच्या तोंडून निघून गेलं.

"जुन्नरकडं. ऊस तोडताना घावली. मंग फारेष्टवाले आले. रातच्याला पिल्लं तितंच ठिवली, आईनं उचलून नेली." मामा चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "पर दीड दिवस तोड बंद. तोड बंद म्हंजी पैसं बंद. टनावर मिळतेत न्हवं."

उसात बिबट्या राहतो, उसातच विते, हे आता पुणे-नगरकडच्या लोकांना नवीन राहिलेलं नाही. ती पिल्लं सर्वांत आधी दिसतात ती ऊस तोडणाऱ्याला. आणि जिथे पिल्लं, तिथे आई. जीप नाही, गाइड नाही, हातात कोयता आणि फडाच्या कडेला निजवलेलं आपलं पोर. मला त्या क्षणी वाटलं, मामांच्या लेकानंही बिबट्या बघायचे पैसे मोजले होते. दीड दिवसाची मजुरी. त्याच्या मिळकतीशी ताडून पाहिलं तर आमच्या साडूंचे साडेतीन लाख फार नव्हते. शिवाय त्यानं बघितलं, पिल्लांना हात लावला नाही, फडातून बाजूला झाला, आई येईपर्यंत थांबला. मराठीतल्या 'बघणं' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यानं दीड दिवसात पुरे केले होते.

परतीच्या वाटेवर साडू बराच वेळ बोलले नाहीत. केनियाहून आल्यापासूनची ही त्यांची सर्वांत लांब शांतता.

आता यावर कुणी म्हणेल, मग बंद करा या सहली. मी तसं म्हणणार नाही. साडूंची थट्टा करणं सोपं आहे (साडू असतातच त्यासाठी), पण बघ्यांनी जनावरं वाचवल्याचीही उदाहरणं आहेत. मध्य आफ्रिकेतल्या विरुंगाच्या डोंगरांत १९८१ च्या सुमाराला जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. आता ते सहाशेच्या वर आहेत. वाचवणारे संशोधक होते, जिवावर उदार झालेले पहारेकरी होते, पशुवैद्य होते. पण या सगळ्यांचा खर्च भागवायला बघ्यांचा पैसा मोठा कामी आला. रवांडात गोरिला बघायचा परवाना २०१७ पासून दीड हजार डॉलरला मिळतो. एका टोळीकडे दिवसाला आठ माणसं, आणि बघायला एक तास. त्या उत्पन्नातला दहावा हिस्सा उद्यानाभोवतीच्या गावांना जातो. म्हणजे तिथल्या मामांच्या प्रश्नाला थोडंतरी उत्तर आहे. एका तासाला सव्वा लाखाहून जास्त हा भाव ऐकून आपल्याला घेरी येते. पण गोरिलाच्या बाजूनं विचार केला तर परक्या माणसाला तासभर सहन करण्याचे तेवढे व्हायलाच हवेत.

उलट कुणी न बघितल्यानं काय होतं, ते आमच्या शेजारी झालं. आमच्याकडचं खरं रान म्हणजे माळरान. सरकारी कागदात त्याचं नाव पडीक. तिथे सिंह नाही, धबधबा नाही, फोटोत ते नुसतं पिवळं येतं. त्या माळाचा राजा माळढोक. १९७९ साली सोलापूर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य झालं. तेही कागदावर इतकं अघळपघळ, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, की त्यात माणसांची गावंच्या गावं आणि शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या आणि ज्या शेतकऱ्यानं पक्षी बघायचा, त्यालाच पक्षी डोळ्यांसमोर नकोसा झाला. पुढे ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. तोवर माळ नांगरले गेले, तारा आल्या, कालवे आले. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आत आहेत. त्याला बघायला कुणी साडेतीन लाख मोजले नाहीत. तो इथलाच होता ना!

म्हणजे बघे आले तर गाड्यांची दाटी, न आले तर पडीक. मग करायचं काय? मला वाटतं, गोम बघ्यांच्या संख्येत नाही, क्रियापदाच्या वाटणीत आहे. आपण बघण्याचा गोड अर्थ स्वतःकडे ठेवला आणि कष्टाचा अर्थ मामांकडे दिला. मोर राष्ट्राचा, शेंगा मामांच्या. बिबट्या निसर्गाचं वैभव, आणि २०२० च्या नोव्हेंबरात आमच्याच आष्टी तालुक्यात आठवड्याभरात तीन माणसं गेली ती मात्र त्या त्या घरची. पुढच्या महिन्यात त्या बिबट्याला करमाळ्याकडे गोळी घातली, तेव्हा लांबून हळहळणारे पुष्कळ होते. हळहळ खोटी नव्हती. पण ज्वारीला पाणी द्यायला रात्री एकट्यानं शेतात जायचं आहे, त्याला बघ्याची भूमिका घेता येत नाही, हे त्या हळहळीत कुठेतरी यायला हवं होतं. ज्याच्या दारात जनावर राहतं तो त्याचा यजमान. आपण पाहुणे. 'पाहुणा' शब्द 'पाहणे'वरून आला असावा असं उगाच वाटतं. व्युत्पत्तीवाले तसं म्हणत नाहीत, ते संस्कृतातल्या 'प्राघूर्णका'कडे बोट दाखवतात. त्यांचंच खरं. पाहण्याचा आणि पाहुणा होण्याचा संबंध नाही. पाहुणा व्हायला रीत लागते. यजमान घरी नसला तर पाहुणा पैसे परत मागत नाही. यजमानानं सणाचे कपडे घातले नाहीत म्हणून कुरकुर करत नाही. त्याच्या दारात गाडी आडवी लावत नाही. आणि निघताना यजमानाच्या पोराच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. रवांडातला तो दहावा हिस्सा म्हणजे दुसरं काय आहे?

बांधावरून हाक मारताना मामांनी साडूंना पहिल्या शब्दातच पाव्हणं म्हटलं होतं. आमच्याकडे ती नुसती हाक असते. पण नीट ऐकली तर तीत सगळा नियम आहे.

परवा साडूंचा पुण्याहून फोन आला. रवांडाचं बुकिंग तूर्त पुढे ढकललंय म्हणाले. आषाढात बीडला येतो, मामांकडे जाऊ. नातवासाठी रंगपेटी घेऊन ठेवली आहे. टायगरलाही बरोबर आणतो. मी म्हटलं, "टायगरला घरीच राहू द्या. मोराला घाबरेल." ते हसले. मग जुनी सवय उफाळून आली. "अहो, पण पिसारा फुललेला दिसेल ना नक्की? खात्रीनं सांगा, त्याप्रमाणे रजा... म्हणजे तिकिटं काढायला."

मी मामांचा विचार केला, मोराचा केला, आभाळाचा केला, आणि मराठीत देता येईल ती सर्वांत प्रामाणिक हमी दिली.

"बघू," मी म्हणालो.